गाडीखालची फरशी: काय करावे, काय टाळावे

पार्किंगच्या फरशीची चर्चा घरात रंगापासून सुरू होते. राखाडी की तांबूस, दगडासारखी की लाकडासारखी, आणि शेजाऱ्यांकडे आहे तशी तर अजिबात नको. आमच्याकडेही तेच झालं. रंग ठरायला तीन आठवडे लागले, मिस्त्री ठरायला एक संध्याकाळ. आठव्या महिन्यात पुढच्या उजव्या चाकाखालची फरशी तडकली. काढून पाहिली तर खाली मसाल्याचे पाच लाडू, चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक. उरलेल्या जागेत हवा. पोर्सिलेनला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच बॉक्समधली शेजारची फरशी, जिच्याखाली चुकून भरीव मसाला पडला होता, ती आजही त्याच गाडीचं चाक अंगावर घेते आहे.

म्हणून पुढच्या यादीत रंगाबद्दल एकही ओळ नाही. जे झाकलं जाणार आहे त्याबद्दलच बहुतेक सगळं आहे.

दुकानात जाण्याआधी

करा: पार्किंगखाली काय काय गाडलेलं आहे याचा नकाशा कागदावर काढा. आपल्याकडे बंगल्याचं किंवा रो-हाउसचं पार्किंग म्हणजे घराचं पोटच असतं. जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर, बोअरचा पाइप, नळाचा मीटर, अर्थिंगचा खड्डा, सगळं तिथेच. मापं भिंतीपासून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

करा: टाकी गाडीच्या वाटेत येत असेल तर तिचा स्लॅब गाडीचं वजन धरून टाकला होता का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. छोटी गाडी टनभराच्या आसपास असते; सात आसनी एसयूव्ही माणसं-सामानासकट अडीच टनांपर्यंत जाते. घर बांधलं तेव्हा दारात स्कूटर होती आणि स्लॅब त्याच हिशेबाने टाकला, अशी घरं गावोगाव आहेत. वर फरशी घातल्याने स्लॅब मजबूत होत नाही, त्याच्यावरचं ओझं तेवढं वाढतं.

टाळा: ‘डिझाइन तुटतं’ म्हणून चेंबरवरून सलग फरशी ओढणं. चेंबर तुंबायचा तेव्हा तुंबतोच, आणि मग पहार घेऊन नव्या फरशीवर उभं राहावं लागतं. ताटासारखी कड असलेलं खोलगट झाकण मिळतं, त्यात तीच फरशी कापून बसवता येते. झाकणाचा भाराचा वर्ग मात्र बघून घ्या. काँक्रीटच्या झाकणांत एलडी-2.5 म्हणजे अडीच टन, एमडी-10 म्हणजे दहा. गाडीच्या वाटेत पहिलं नको.

करा: पाण्याच्या टाकीचं तोंड फरशीच्या वर किमान तीन-चार इंच उचलून घ्या. गाडी धुतलेलं पाणी उतार शोधत जातं, आणि सपाट झाकणाची फट हा त्याला सापडणारा पहिला उतार असतो.

करा: गेटखालची फट मोजा. ॲडहेसिव्हवर बसवली तर उंची 15 ते 20 मिमी वाढते, वाळू-सिमेंटच्या मसाल्यावर बसवली तर दोन इंच किंवा जास्त. फरशी झाल्यावर गेटचा पत्रा कापून घेणारे लोक मी पाहिले आहेत. मीही त्यातलाच.

करा: आज विजेची गाडी नसली तरी मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत एक रिकामा पीव्हीसी पाइप टाकून ठेवा. आत ओढायला दोरी सोडलेली असावी.

टाळा: अर्थिंगचा खड्डा बुजवणं. त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि इलेक्ट्रिशियनला तो सापडावाही लागतो.

खालची जमीन आणि कोबा

करा: जमीन काळी असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, नगरचा बराच भाग, इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर सरळ कोबा टाकला तर तो दरवर्षी थोडा वर-खाली होतो, आणि पोर्सिलेनला लवणं ठाऊक नाही. काळी माती शक्य तितकी खोल काढा, मुरूम भरा, तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमस किंवा यंत्राने ठोकून. ट्रॉलीभर मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचे चार इंच दबतात, खालचा तसाच भुसभुशीत राहतो.

करा: मुरमावर दगडाचं सोलिंग, त्यावर काँक्रीट. गाडीसाठी चार इंचांपेक्षा कमी जाडी नको, जड गाडीसाठी पाच-सहा आणि जाळी.

करा: ढाळ काँक्रीटमध्येच द्या. 80 फुटांना एक फूट या हिशेबाने 16 फूट लांबीच्या पार्किंगला साधारण अडीच इंच. दिशा घराच्या भिंतीपासून दूर, गेटकडे किंवा जाळीच्या चरीकडे. लेव्हल ट्यूबने दोन्ही टोकं तपासा, मग बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी खोटं बोलत नाही, मिस्त्री कधीकधी बोलतो.

टाळा: ‘ढाळ फरशी बसवताना काढू’ हे वाक्य मान्य करणं. एका टोकाला अर्धा इंच आणि दुसऱ्याला दोन इंच ॲडहेसिव्ह भरलं की जाड थर वाळताना जास्त आकसतो आणि फरश्यांच्या कडा खाली-वर होतात.

करा: नवं काँक्रीट 28 दिवस थांबू द्या. पहिले किमान सात दिवस पाणी धरून ठेवा, नंतर त्याला वाळू द्या. वाळलं की नाही हे कळायला दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं किंवा काँक्रीट काळवंडलेलं दिसलं तर अजून थांबा. कोकणात आणि गोव्यात ही परीक्षा पावसाळ्यानंतर लगेच उत्तीर्ण होईल अशी आशाच धरू नका.

टाळा: मुहूर्ताला काम अडकवणं. दसऱ्याला नवी गाडी दारात उभी करायची आहे ना? काँक्रीटचे 28 दिवस, बसवायचे चार-पाच, फरशी पक्की व्हायला दोन आठवडे. उलटं मोजत गेलात तर काँक्रीट गोकुळाष्टमीच्या आसपास पडलेलं हवं. बहुतेकांना हे घटस्थापनेला आठवतं.

टाळा: ऑइल पिऊन काळ्या झालेल्या जुन्या काँक्रीटवर नुसतं झाडून फरशी घालणं. पाण्याचा थेंब टाका. थेंब शोषला गेला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर ॲडहेसिव्हही तसंच वर राहणार. तो भाग ग्राइंडरने खरवडा. जुना रंग आणि गुळगुळीत निरू यांनाही हाच न्याय.

करा: जुन्या काँक्रीटमध्ये भेग असेल तर तिच्यावर पेन्सिलने आडव्या रेघा मारून, तारीख लिहून काही आठवडे पाहा. भेग रुंदावत असेल तर ती चालती आहे. वर फरशी घालून ती लपत नाही, फरशीतून वर येते.

फरशी घेताना

दुकानात ‘व्हिट्रिफाइड’ आणि ‘पोर्सिलेन’ हे शब्द एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरत असतात. देशातल्या बहुतेक फरश्या मोरबीहून येतात आणि नावं बाजारात चिकटतात. नावाकडे पाहू नका, बॉक्स उलटून पाहा. पोर्सिलेनची आंतरराष्ट्रीय व्याख्या एका आकड्यात आहे: पाणी शोषण्याचं प्रमाण 0.5 टक्क्यांहून जास्त नसावं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे ॲडहेसिव्हच्या वेळी लागेल.

करा: घसरण्याचा वर्ग विचारा. जर्मन पद्धतीत तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवून आर9 ते आर13 असे वर्ग ठरवतात. बंद गॅरेजला आर10 चालेल. पाऊस आत येत असेल, गाडी रोज धुतली जात असेल तर आर11 घ्या.

टाळा: चकचकीत फरशी. बैठकीच्या खोलीतल्या उरलेल्या चार बॉक्सचा मोह तर मुळीच नको. ओले टायर, सांडलेलं ऑइल, रबरी चप्पल आणि वयस्कर माणूस हे चारही एका वेळी तिथे येतात.

टाळा: फार खडबडीत फरशीही. आर13 वर फडकं फिरत नाही, पोछ्याचे धागे अडकतात आणि लाल माती कायमची वस्तीला येते.

करा: छोटा आकार घ्या. 300 किंवा 400 मिमीची पार्किंग टाइल ढाळावर चांगली बसते. 600 मिमीपर्यंत ठीक. चार फुटी फरशी दोन दिशांच्या ढाळावर बसवायची म्हणजे पापड सरळ ठेवून तळण्यासारखं आहे.

जाडीबद्दल: लोकांना 20 मिमीची जाड फरशी घेतली की काळजी मिटेल असं वाटतं. गाड्यांच्या शोरूममध्ये साध्या जाडीच्या पोर्सिलेनवर गाड्या वर्षानुवर्षं उभ्या असतात. खाली हवा नसली तर 9-10 मिमी पुरते. हवा असेल तर जाड फरशी फक्त उशिरा फुटते. पैसे उरत असतील तर ते ॲडहेसिव्हमध्ये घाला.

करा: सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि शेडचे आहेत ना ते उतरवून घेतानाच पाहा. कापण्यात दहा टक्के धरा, तिरकं डिझाइन असेल तर पंधरा. शिवाय एक अख्खा बॉक्स माळ्यावर. तो बॉक्स ‘जागा अडवतो’ म्हणून भंगारवाल्याला देणाऱ्या माणसाला दोन वर्षांनी तीच फरशी बाजारात मिळत नाही.

बसवताना

खरी मारामारी इथे आहे.

टाळा: वाळू-सिमेंटचा मसाला पसरून वर सिमेंटची स्लरी ओतण्याची जुनी पद्धत. शहाबादी फरशीला ती चालत होती, कारण शहाबादी सच्छिद्र असते. सिमेंटचं पाणी ती पिते आणि त्या पाण्याबरोबर सिमेंट आत जाऊन धरतं. पोर्सिलेन जवळजवळ काहीच पीत नाही. स्लरी तिच्या पाठीला नुसती टेकून वाळते. माझ्या तडकलेल्या फरशीची पाठ धुतल्यासारखी स्वच्छ होती, पुन्हा बॉक्समध्ये घालून विकता आली असती.

टाळा: फरशी बसवण्याआधी पाण्यात भिजवणं. जुने गवंडी सवयीने हौद भरतात. त्यांचं चुकत नाही, फरशी बदलली आहे. ओल्या पाठीवर ॲडहेसिव्ह उलट घसरतं.

करा: ॲडहेसिव्हच्या पिशवीवर ‘सी2’ लिहिलेलं शोधा. सी म्हणजे सिमेंटवर आधारलेलं, 2 म्हणजे जास्त पकडीचं: चौरस मिलिमीटरला किमान 1 न्यूटन, ‘सी1’ची पकड याच्या निम्मी. पुढे ‘ई’ असेल तर पसरल्यावर फरशी टेकवायला जास्त वेळ मिळतो, आपल्या उन्हात तो हवाच. ‘टी’ असेल तर फरशी कमी घसरते, ‘एस1’ असेल तर थोडं लवचीक. पार्किंगला सी2टीई एस1 हे सांगून मागा. भारतीय मानक आयएस 15477 चा उल्लेखही पिशवीवर असायला हवा.

करा: पिशव्या मोजा. 20 किलोची पिशवी 3 मिमी थराला साधारण 50 चौरस फूट पुरते. पार्किंगला काँक्रीटवर आणि फरशीच्या पाठीवर, दोन्हीकडे लावायचं, म्हणजे थर पाच-सहा मिमीचा आणि पिशवी 25 चौरस फुटांची. 250 चौरस फुटांना दहा पिशव्या. काम चारांत उरकलं तर पोकळी कुठे आहे हे शोधायची गरज नाही, सगळीकडे आहे.

करा: फरशीची पाठ ओल्या फडक्याने पुसा. भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी पूड तिथे असते. पिठावर डिंक लावून काही चिकटवून बघा, कळेल.

करा: पाणी मोजून घाला, ड्रिलला पॅडल लावून सावकाश घोटा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा घोटा.

टाळा: घमेल्यात घट्ट झालेल्या ॲडहेसिव्हमध्ये पाणी मारून ते ‘जिवंत’ करणं. मूठभर सिमेंट मिसळणंही. दोन्ही गोष्टी जेवणाच्या सुट्टीनंतर घडतात, त्या वेळी तिथे उभे राहा.

करा: 10 किंवा 12 मिमीच्या खाचांची थापी वापरा आणि सगळ्या रेघा एकाच दिशेने ओढा. गोल फिरवून काढलेली रांगोळी सुंदर दिसते, पण वळणांत हवा अडकते. सरळ रेघांमधली हवा, फरशी रेघांना आडवी सरकवून दाबली की बाहेर पडते.

करा: पहिल्या दहा फरश्यांपैकी एक बसवल्याबरोबर उचलून पाठ पाहा. आत चालण्याच्या फरशीला 80 टक्के पाठ भरलेली असली तरी चालते. उघड्यावरच्या आणि ओल्या जागेला 95 टक्के लागते, पार्किंगला तोच नियम लावा. कोपरे तर भरलेलेच हवेत, टायर कोपऱ्यावरून वळतो. मिस्त्री नाराज होईल. चहा पाजा आणि पुन्हा एक उचला.

टाळा: लाडू. कोणत्याही कारणासाठी, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी.

करा: एप्रिल-मेमध्ये काम असेल तर सकाळी लवकर सुरू करा, वर शेडनेट बांधा, तापलेलं काँक्रीट ओलसर करून घ्या, पण पाणी साचू देऊ नका. पसरलेल्या ॲडहेसिव्हला बोट लावा. बोटाला चिकटलं तर फरशी टेकवा, नाही चिकटलं तर वर साय आली आहे. खरवडून टाका.

टाळा: कोरडा ग्राइंडर. पोर्सिलेनच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला गुंडाळलेला रुमाल तिला अडवत नाही. पाण्याचा कटर मागवा, मिस्त्री आणि त्याच्या हेल्परला मास्क द्या. खर्च तुमचा.

करा: बाहेरच्या कडेला, जिथे उतारावरून टायर आधी चढतो, धातूची कडपट्टी बसवा. उघडी कड सहा महिन्यांत दातरी होते. खुद्द उतारावर फरशी नकोच, खाचा मारलेलं काँक्रीट ठेवा.

सांधे

टाळा: ‘जॉइंट दिसायला नको’ असा हट्ट. किमान तीन मिमी हवाच, उघड्या जागेत पाच बरा. सहा मीटर लांबीचं काँक्रीट 30 अंश तापलं तर साधारण दोन मिमीने वाढतं, पोर्सिलेन त्याहून थोडं कमी. हा फरक कुठेतरी जायला हवा. सांध्यांत जागा नसली तर तो वर जातो. भर दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज येतो आणि दोन फरश्या तंबूसारख्या उभ्या असतात.

करा: भिंतीलगत चारही बाजूंनी सात-आठ मिमी फट ठेवा. त्यात सिमेंट भरू नका, स्कर्टिंगने झाका. उघड्या पार्किंगमध्ये दर 8 ते 12 फुटांवर एक सांधा ग्राउटऐवजी पीयू सीलंटने भरा.

करा: काँक्रीटमधला कापलेला सांधा जिथे आहे तिथेच फरशीचा सांधा येईल अशी मांडणी करा. यासाठी कोरड्या फरश्या आधी मांडून बघाव्या लागतात. तासभर जातो.

करा: जमलं तर इपॉक्सी ग्राउट भरा. डाग पडतो तो पोर्सिलेनवर नव्हे, सिमेंटच्या सांध्यावर. इपॉक्सी थोडं-थोडं कालवा आणि मागोमाग पुसत चला. दुसऱ्या दिवशी त्याचा थर काढणं म्हणजे शिक्षा.

काम झाल्यावर

करा: काठीच्या टोकाने प्रत्येक फरशी ठोका. भरीव फरशी टणटणीत वाजते, पोकळ फरशी पत्र्याच्या डब्यासारखी. पोकळ वाजली तिच्यावर खडूने फुली. हे झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि हे बोलणं उचल देतानाच झालेलं असू द्या.

टाळा: मिस्त्रीला ‘शेवटचं ॲसिड मारून’ देऊ देणं. सिमेंटचा डाग निघतो, त्याबरोबर सांध्यातलं सिमेंटही निघतं. कोमट पाणी, साबण, नायलॉनचा ब्रश.

टाळा: दोन आठवड्यांच्या आत गाडी आत घेणं. चालायला एक दिवस पुरतो, गाडीला नाही. शेजारी ‘आमची तर तिसऱ्या दिवशी लावली’ म्हणेल. त्याच्याकडे फरश्या ठोकून बघा.

करा: जॅक लावताना खाली फळी ठेवा. चाकाचं वजन तळहाताएवढ्या रबरावर पसरतं, जॅकचं लोखंडी कडेवर येतं. बुलेटच्या साइड स्टँडलाही हेच लागू. गाडी 195 किलोची आणि टेकू दोन रुपयाच्या नाण्याएवढा, त्याखाली रबराचा तुकडा किंवा लाकडाची चकती. मधला स्टँड लावताना गाडी फरफटवू नका.

टाळा: लग्नकार्यात मांडवाचा लोखंडी पाय सरळ फरशीवर टेकवू देणं.

करा: नव्या गाडीची पूजा जरूर करा, पण नारळ फोडायला दगड आणा, फरशीवर आपटू नका. चाकाखाली लिंबू चिरडायला हरकत नाही. रस लगेच पुसून घ्या, सिमेंटच्या सांध्याला आंबट चालत नाही.